हाकेमागचं पाणी

बाबा,

गाण्यातून तुमची हाक काढून टाक, असं गावाने मला सांगितलं आणि मी नाही म्हटलं. सभेत, सगळ्यांसमोर, उभं राहून. तुम्ही असता तर गावाच्या बाजूने बसला असता हे मला पक्कं माहीत आहे. दुपट्टा खांद्यावर, मान खाली, बराच वेळ काही बोलायचं नाही, आणि शेवटी एकच वाक्य टाकायचं, की झालं, विषय संपला. म्हणून हे सगळं तुम्हाला लिहिते आहे. मधे बोलायचं नाही. तुम्ही होता तोवर मी पुष्कळ ऐकून घेतलं, आता तुमची पाळी आहे.

कुठलं गाणं, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. ते तुम्ही गेल्यानंतरचं आहे. पण हाक तुमची आहे, म्हणून आधी हाकेचंच सांगते, म्हणजे तुमचीच गोष्ट तुम्हाला. गावाच्या तलावाचं पाणी वाटायचं काम आपल्या घरात. तुम्ही सकाळी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जायचात, तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, लाकडी खुंटी वर ओढायचात, पाणी खाली पाटात उतरलं की पाळीच्या उंच जागी उभे राहून तोंडाभोवती दोन्ही हात धरायचात आणि ओरडायचात, ‘सुटलं होऽऽ!’ त्या ‘हो’चा शेवट वर चढायचा, वर जरासा थांबायचा आणि मग सावकाश खाली यायचा. जंगलाच्या कडेला धानाच्या ज्या शेवटच्या बांध्या आहेत, ती मातीचे काठ घातलेली छोटी शेतं, तिथवर आवाज जायचा, कारण आपल्या गावात पाणी आधी टोकाला जातं आणि तलावाजवळच्यांना सगळ्यांत शेवटी. टोकावरची माणसं हाक ऐकली की फावडं उचलायची, बांध्यांची तोंडं फोडायची, आतलं जुनं कोमट पाणी नाल्यात काढून द्यायची. तोंड बंद राहिलं तर जोरात आलेलं नवं पाणी धुराच, म्हणजे बांधीचा अख्खा काठच, घेऊन जातं, म्हणून. म्हणजे बघा, नुसता एक आवाज ऐकून माणूस आपल्याच हाताने आपल्या धानातलं पाणी काढून टाकतो, मागून दुसरं येतंय या भरवशावर. एवढा भरवसा आपल्याकडे कोणी सख्ख्या भावावरही ठेवत नाही.

म्हणूनच तो शब्द शिवारात दुसऱ्या कशासाठी ओरडायचा नाही, हा नियम. कोणाचा बैल सुटला तरी ‘बैल पळाला रे’ म्हणून बोंब मारायची. आई मला शेतातून हाक मारून विचारायची, ‘शाळा झाली का वो?’ सुटली का, असं कधी नाही. नागपूरहून आलेली मावशी हसायची, तुमच्या गावात काही सुटतच नाही का म्हणून. तुम्ही हसत नव्हता. तुमच्यासाठी ती हसायची गोष्टच नव्हती.

आणि मी काय केलं, तर पाचवीत असताना एका दुपारी पाळीवर चढून ती हाक दिली. खेळात. तुम्ही खाली आंब्याखाली डबा खात होता. मला आठवतं, हाक देताना छातीत काहीतरी मोठ्ठं उघडल्यासारखं वाटलं, आणि ते इतकं छान होतं की मी दुसऱ्यांदा दिली. टोकावर माणसं उठली, वाकली, फावडी चालू झाली. तुम्ही मारलं नाही. हात धरून मला टोकापर्यंत चालवत नेलंत, आणि ज्या ज्या बांधीचं तोंड फुटलं होतं ते ते मला माझ्या हाताने चिखलाने बुजवायला लावलंत. बांधीवाले बघत उभे. सगळं झाल्यावर म्हणालात, ‘हाक म्हंजे पानी. मांगं पानी नसन तं तोंड उघडू नोको.’ इथवर ठीक होतं, बाबा. इथवर मी मान खाली घालूनच होते. पण तुम्ही थांबला नाहीत. चिखलाचे हात पाटात धूत धूत म्हणालात, ‘अना पोरीनं तं नाहीच.’

पहिलं वाक्य कामाचं होतं. दुसरं कुठून आलं? पाण्याला काय कळतं पोराचा आवाज कोणता आणि पोरीचा कोणता? तेव्हा विचारायची हिंमत नव्हती. आता विचारते, तर तुम्ही नाहीत. बरी सोय आहे तुमची.

आपल्या घरात पोरगा नव्हता, म्हणून तुम्ही काकांच्या पोराला, म्हणजे दादाला, शिकवायला घेतलं. रोज सकाळी पाळीवर उभा करायचात, पण हाक नाही, नुसता शेवटचा ‘हो’, तोही तलावाकडे तोंड करून, म्हणजे शिवारात कोणाची फसवणूक नको. दादाचा आवाज बारीक. तो ‘हो’ वर चढवायला जायचा आणि मधेच तुटायचा. तुम्ही पुन्हा म्हणून दाखवायचात. मी तुमचा डबा घेऊन पाळीखाली उभी राहायची. एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत की ये वर. पण कान बंद कर असंही म्हणाला नाहीत. घरी आले की मी सैपाकघरातल्या रिकाम्या कणगीत तोंड घालून तेच म्हणायची. धान संपल्यावरची कणगी, आत अंधार आणि शेणामातीचा वास, आणि आवाज आतल्या आत गोल फिरून परत माझ्याच कानात यायचा. आई चुलीपुढे बसलेली असायची. मग एक दिवस भाकर तव्यावर टाकता टाकता म्हणाली, ‘बाई, एवढ्या हळू कायले म्हणून रायली? कणगीत कोनाले आयकू जाते? मोठ्यानं म्हण.’ आईनं मला काय दिलं ते तिलाही ठाऊक नसेल. मी त्या कणगीत चार-दोन वर्षं ओरडून काढली आणि माझा ‘हो’ कधी तुटला नाही.

बारावीनंतर मी नागपूरला जायला निघाले तेव्हा तुम्ही देवरीच्या स्टँडपर्यंत आला होता. बस लागली. तुम्ही ड्रायव्हरला दोनदा सांगितलंत की पोरगी एकटी हाय, नीट उतरव. मग खिडकीतून एक कागदाची पुडी माझ्या हातात दिलीत आणि पाठ फिरवून चालू लागलात. मला वाटलं, चणे असतील. बस साकोलीच्या पुढे गेल्यावर उघडली, तर आत ज्येष्ठमध. हाक द्यायच्या दिवसांत तुम्ही गालात धरायचात, त्याच काड्या. म्हणजे तुम्हाला कणगीचं माहीत होतं. माहीत होतं आणि वर्षानुवर्षं गप्प बसलात! मी त्या बसमध्ये रडले नाही, मला राग आला. माणसाला ज्येष्ठमध देता येतो आणि ‘ये वर’ असे दोन शब्द देता येत नाहीत? ती पुडी मी महिनाभर उघडली नाही. नंतर संपवली.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यानंतर गाणं झालं. नागपूरला कॉलेजात आमचा एक बॅन्ड होता, तीन पोरं आणि मी. गोंदियात बॅन्ड म्हटलं की लोक विचारतात, वरातीत कोणकोणती गाणी वाजवता? तसला नव्हे. दोन गिटार, एक ड्रम, आणि आपली गाणी आपणच लिहायची, आपणच वाजवायची, कोणी बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं. बहुतेक घरीच बसायचो. गिटार वाजवणारा गोंदियाचा, त्याच्या मामाची राइस मिल. हंगाम संपला की तिथलं एक गोदाम रिकामं पडायचं. आम्ही भिंतींवर बारदाना लटकवला, आवाज घुमू नये म्हणून, आणि तिथेच रेकॉर्ड करायला बसलो. सगळ्यांच्या नाकात कोंडा. ड्रमवाला दर दोन मिनिटांनी शिंकायचा. गाणं मी लिहिलं होतं ते एका पोरीबद्दल, जिला सगळे सांगतात हळू बोल, हळू चाल, हळू हस. तीन कडवी झाली, पण मधे काहीतरी रिकामं राहत होतं. गिटारवाला म्हणाला, ‘यहाँ कुछ चाहिए यार, कुछ भी कर, चिल्ला दे.’ मी डोळे मिटले, हात तोंडाभोवती गेले, आणि दिली. ‘सुटलं होऽऽ.’ पूर्ण. वर चढलेला शेवट, थांबलेला, खाली आलेला. बारदान्याने अर्धा आवाज गिळला तरी बाहेर हमाल काम थांबवून दारात येऊन उभे राहिले. गिटारवाल्याने कानावरचा हेडफोन काढला. मग म्हणाला, ‘ये कहाँ से लाई?’ मी म्हटलं, बापाचं आहे. त्याने विचारलं, ‘परमिशन लेनी पड़ेगी क्या?’ मी म्हटलं, ती मागून झाली, मिळाली नाही.

पुढे जे झालं ते तुम्हाला सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. आधी काहीच झालं नाही. गाणं इंटरनेटवर टाकलं, आमच्या आमच्यातच ऐकलं, आणि जो तो नोकरीच्या मागे लागला. मी गोंदियात शाळेत विज्ञान शिकवू लागले. मग कुठल्यातरी पोरीने धानाच्या रोवणीच्या चिखलात नाचताना ते गाणं लावून व्हिडिओ टाकला आणि गाणं सुटलंच, तुमच्या नियमाला न विचारता. तिरोड्याच्या क्रिकेट टूर्नामेंटमध्ये षटकार बसला की माझा ‘हो’. ऑटोवाल्यांच्या स्पीकरवर. पुण्यात कुठे पोरींच्या होस्टेलने संध्याकाळच्या वेळेविरुद्ध धरणं धरलं, तिथे शंभरेक पोरी एकदम ओरडताहेत, ‘सुटलं होऽऽ’, आणि एकीलाही पाट कशाला म्हणतात ते माहीत नाही. निवडणुकीत एका पक्षाने न विचारता गाडीवर वाजवलं, मी भांडून बंद करवलं, तर दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाने लावलं. शहरातल्या एका मुलाखतीत बाईंनी विचारलं, ‘हे सुटणं म्हणजे स्त्रीची मुक्ती, असंच ना?’ मी म्हटलं, पाणी. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी खोल काहीतरी बोलले. मी पुन्हा म्हटलं, अहो पाणी, तलावाचं. त्यांनी ते छापलं नाही.

आता खरी गोष्ट. यंदा दसऱ्यानंतर देवीचं विसर्जन आपल्या तलावात होतं. धान लोंबीवर आलं होतं, दाणा भरायचे दिवस, तलावात एकदाच सोडता येईल एवढंच पाणी उरलेलं. गावच्या पोट्ट्यांनी ट्रॅक्टरवर डीजे बांधला आणि दिवस मावळायच्या आत मिरवणूक पाळीवर नेली. तुमच्या वेळी पाणवाटपाच्या दिवसांत पाळीवर साधा ढोल चढू देत नव्हता तुम्ही. यांनी भिंतीएवढे स्पीकर चढवले आणि शिवाराकडे तोंड करून माझं गाणं लावलं. टोकावर काकी होती, दादाची आई नव्हे, सगळ्या गावाची काकी. तुम्हाला आठवते ना, नाल्याजवळच्या बांध्यांची, नवरा गेल्यावर एकटीने शेती धरलेली, तोंडाची फटकळ. तिने हाक ऐकली. पाळीवरून आली, पाळीवरच्या हाकेसारखीच चढली, थांबली, उतरली. तिने फावडं उचललं. तिच्या शेजारच्यांनी उचललं. सगळ्या टोकाने आपापल्या बांध्यांची तोंडं नाल्याकडे फोडली आणि नव्या पाण्याची वाट बघत उभे राहिले. पाणी आलं नाही, ढोल-ताशाचा पुढचा तुकडा आला. बांध्या कोरड्या, आणि तोंडं पुन्हा बुजवून माणसं घरी.

दोन दिवसांनी सभा. मला गोंदियाहून बोलावून घेतलं. पंचायतीच्या पटांगणात सतरंजी, पुढे सरपंच, बाजूला दादा, कारण आता पाणी तोच वाटतो. काकी उठली. ‘माह्या बांधीतलं पानी नाल्यात गेलं वो बाई, तुहं गानं आयकून. मी म्हातारी फावडा घेऊन पोट्ट्यावानी धावली. आता सांग, कोनाले बोलू?’ काकीचं मला लागलं. ते खोटं कशाला सांगू, फार लागलं. पण मग सरपंच म्हणाले, एकच म्हणणं आहे, गाण्यातून हाक काढ, आणि सगळ्यांनी माना हलवल्या, आणि माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. म्हटलं, ‘डीजे पाळीवर कोनं चढवला? त्याचं नाव काऊन घेत नाही कोनी? ते गावचे पोट्टे, म्हणून गप. अना गानं पोरीचं, म्हणून काढा. असं कसं चालन?’ मागून कोणीतरी बोललं, ‘तुहा बाप असता तं...’ मी पुढचं बोलूच दिलं नाही. ‘बाप असता तर मला पाळीवर चढू दिलं नसतं. म्हणूनच गाण्यात चढली. नाही काढत.’

मग जे बोललं जातं ते सगळं बोललं गेलं. शहराची हवा लागली. शिकलेली आहे ना. बापाचं नाव. दादा सतरंजीचा धागा उपटत बसला. शेवटी ठरलं की मी हाक काढेपर्यंत गावात ते गाणं वाजणार नाही आणि मी काढली नाही तर मला पुन्हा बोलावतील. हाकेवरचा भरवसा गेला, म्हणून आता हाकच नको, पाणी सोडलं की दादा सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज टाकेल. मी संध्याकाळी गिटारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘निकाल दे यार, वैसे भी सबके फोन में पुराना वाला पड़ा ही है.’ तेच तर. काढून काहीच थांबणार नव्हतं, नुसतं माझं नाक कापलं जाणार होतं. मी म्हटलं, नाही काढत. आणि फोन ठेवल्यावर सैपाकघरात जाऊन बसले. कणगी आता नाही, आई गेल्यावर दादाच्या बायकोने तिथे फ्रिज ठेवला आहे.

पाणी रविवारी सोडायचं ठरलं, म्हणून मी थांबून राहिले. सकाळी दादासोबत पाळीवर गेले. त्याने माझ्यासमोर खुंटी ओढली, पाणी खळखळून पाटात उतरलं, त्याने मोबाइल काढून मेसेज टाकला. टोकाकडे बघितलं तर कोणी हलेना. धानात वाकलेली माणसं तशीच वाकलेली. जंगलाच्या कडेला रेंज कुठून येणार? आणि ज्यांना रेंज होती त्यांचे मोबाइल प्लास्टिकमध्ये बांधून झाडाला लटकवलेले. पाणी पाटातून पुढे सरकत होतं. हेच शेवटचं पाणी. ते पोचेल तेव्हा तोंडं बंद असली तर धुरे फुटणार, आणि जे काही उरलंय तेही नाल्यात जाणार. दादाने मोबाइल खिशात कोंबला आणि हात तोंडाभोवती धरून हाक दिली. त्याचा ‘हो’ वर गेला आणि तुटला, लहानपणी तुटायचा तिथेच. त्याने पुन्हा दिली. मग माझ्याकडे बघितलं. दादाचं तोंड मी इतकं उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, ‘दे वो बाई. आता तूच दे.’

मी पाळीच्या उंच जागी चढले, जिथे तुम्ही उभे राहायचात. हात धरले. दिली. पूर्ण छातीने दिली, बाबा, बारदाना नाही, कणगी नाही, समोर सगळं शिवार. शेवट वर चढला, थांबला, उतरला. टोकावर दोन-तीन माणसांनी मान वर केली. आणि पुन्हा खाली घातली! काकीने तर हात झटकल्यासारखा केला, जा तिकडे म्हणून. तिला वाटलं, पुन्हा कोणीतरी गाणं लावलं. बापा रे बापा! तुम्ही हसत असाल तर हसा. खरी हाक, खरं पाणी, आणि खुद्द गाणारी पाळीवर उभी, तरी लोक म्हणतात की गाणं वाजून राहिलं.

पाणी अर्ध्यावर पोचलं होतं. मला सुचेना. मग जे तोंडात आलं ते मी ओरडले. ‘अवं काकी! बह्याडे! गानं नाही हे, मी हाय पाळीवर! उचल फावडा! धुरा जाईन तुहा, मंग बसशीन माह्या नावानं बोंबलत!’ जन्मात मी काकीला असं बोलले नव्हते. शब्द किती पोचले कोणास ठाऊक, शिवी पोचली. काकी ताठ उभी राहिली, कपाळावर हात धरून पाळीकडे बघितलं, आणि फावडं उचललं. तिने उचललं तसं शेजारच्यांनी उचललं, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. मी थांबले नाही. एकेकाचं नाव घेत राहिले, आळशी म्हटलं, बहिरा म्हटलं, एकाला त्याच्या सासऱ्यावरून बोलले. दादा मागे उभा राहून हसत होता आणि रडतही होता. पाणी टोकाला पोचलं तेव्हा सगळी तोंडं उघडी होती.

दुपारी आम्ही टोकावर गेलो. काकी गुडघाभर पाण्यात उभी होती, धुरा नीट करत. मला बघून फावडं टेकवलं. मी म्हटलं, काकी, चूक झाली, बह्याड म्हटलं. ती म्हणाली, ‘ते म्हटलं म्हणून तं उठली. गानं मले बह्याड कायले म्हणन?’ मग पायाने धुऱ्याचा चिखल दाबत, ‘ठेव नाहीतं काढ, तुहं गानं तू जान. पन पानी सोडशीन तं मले शिवी देजो. शिवीबिगर मी फावडा नाही उचलत.’ तिच्या शेजारची म्हणाली, मले पन. म्हणजे आता नवा नियम, बाबा. तुमच्या हाकेच्या मागे आता शिव्या जोडल्या आहेत, आणि त्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाहीत. परतताना दादाने विचारलं, ‘काढून रायली का मंग हाक?’ मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बरं. पाटाच्या वळणावर आल्यावर म्हणाला, ‘पुढच्या साली पानी सोडाले येशीन ना?’ मी हाव म्हटलं. सभेने पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन आणि पुन्हा नाहीच म्हणेन. काकी माझ्या बाजूने बोलेल की नाही, सांगता येत नाही. तिचं काही सांगता येत नाही.

तर असं आहे. तुमची हाक गाण्यात आहे आणि राहणार. पोरीनंच दिली आहे, पाळीवरून दिली आहे, आणि तिच्यावर पाणी पोचलं आहे. तुमचं दुसरं वाक्य मी त्या दिवशीही मानलं नव्हतं आणि आजही मानत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही उत्तर दिलं असतं, एका ओळीचं, आणि मला ते नको आहे.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी दादाने माझ्यासमोरच खुंटी ओढली होती. पाण्याचा आवाज माझ्या कानात होता. तरी उंच जागी चढल्यावर, हात तोंडाभोवती धरल्यावर, तोंड उघडायच्या आधी मी मान वळवून मागे पाहिलं, पाणी आहे ना ते.